ताऱ्याचा दुसरा ठोका

हिरेमठ सरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं.

कॉलेजात त्यांच्या वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर सरांची छत्री बसायची. सर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरत शिकवायचे. गणित अवघड झालं की चाल वाढायची, आणि फारच अवघड झालं तर ते दाराबाहेर जाऊन व्हरांड्यातून बोलायचे. घरी जेवतानाही दोन घास झाले की उठून अंगणात एक चक्कर. सरांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या सांगायच्या, "लग्नात अक्षता पडायल्या होत्या तरी ह्यांचे पाय चालूच. लग्न लावणारे स्वामी म्हणाले, नवरदेवाला धरा की कुणीतरी!"

मी इंग्रजी शाळेतून आलेली. शाळेत नन्स होत्या, घरात वडील मोजकं बोलायचे. कॉलेजात आले तेव्हा इंग्रजीत बोललं की मुलं हसायची आणि मराठीत बोललं की मलाच लाज वाटायची, म्हणून मी बोलतच नसे. पहिल्याच महिन्यात सरांनी मला उभं करून एक प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण इंग्रजीत सांगावं की मराठीत, ते ठरेना. सर माझ्या बाकापर्यंत चालत आले आणि त्यांनी खडू पुढे केला.

"तोंडानं जमत न्हाय तर हातानं दाखव. गणिताला तोंड कुटं असतंय?"

मी फळ्यावर आकृती काढली. सर वर्गाकडे वळले. "बघा, अक्कानं दाखवलं." सरांचं गाव दुधनी, तिथे निम्मी बोलणी कानडीत. पंचवीस वर्षांनी लहान असलेली मी तेव्हापासून त्यांची अक्का, म्हणजे थोरली बहीण, झाले.

पदवी झाल्यावर सरांनी मला मदतीला घेतलं. सर एका ताऱ्यामागे लागले होते. फार जड तारा स्वतःच्याच भाराने कोसळू लागला तर त्याच्या आत काय होतं? तारा फोडून कुणाला बघता येत नाही, म्हणून सर तो आकड्यांनी बांधायचे. कांद्यासारखे एकावर एक थर कल्पायचे, प्रत्येक थराचं वजन, दाब, वेग मांडायचा. मग आतला वायू कसा वाहील आणि गुरुत्वाकर्षण अवकाशालाच कसं वाकवील, हे क्षणाक्षणाने पुढे सरकवत जायचं. "निम्मं गणित नळातलं, निम्मं आभाळातलं," सर म्हणायचे. सुरुवातीचे आकडे मी कॉलेजातल्या हाताने फिरवायच्या यंत्रावर तपासायची. त्याच्या खडखडाटाने दुपारी कारकून वैतागायचे. पुढचं सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून पुण्याला जायचं, कारण कॉम्प्युटर पुण्याला होता.

स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची. "हिरेमठ, सोलापुरात नळाला पाणी न्हाय, आन् तुमी तारा काय घेऊन बसलाय?"

"बसलोय कुटं? उभाच हाय की."

कार्डांची पेटी घेऊन सर रेल्वेने जायचे आणि गाडी थांबली की फलाटावर फेऱ्या मारायला उतरायचे. एकदा कुर्डुवाडीला ते फलाटाच्या टोकाला पोचले आणि गाडी सुटली. पेटी एकटीच पुण्याला गेली. शेजारच्या एका भल्या माणसाने ती स्टेशनमास्तरच्या ताब्यात दिली म्हणून वाचली. सर मागच्या गाडीने पोचले. परत आल्यावर काकू चिडल्या तर म्हणाले, "कार्डं पोचली की. कॉम्प्युटरला कार्डं लागतात, हिरेमठ लागत न्हाय."

त्याच फेरीच्या कागदांत दुसरा ठोका सापडला.

तारा कोसळतो, मध्यभागी दाब भयंकर वाढतो, वायू उसळून बाहेर फिरतो. हा पहिला ठोका, तो सगळ्यांना अपेक्षित होता. पण सरांच्या आकड्यांत तारा शांत होत होता आणि काही वेळाने त्याच्या मध्यावर दाब पुन्हा उसळत होता. काळजाचा ठोका पडावा तसा. सर आलेखाचा कागद हातात घेऊन कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिले. मी मागून जवळजवळ पळत होते.

"लई दिवस वाट बघितली गं अक्का ह्याची!"

मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. काम पक्कं असेल तर तिथेच घेऊ, असंही सुचवलं. तिथे कॉम्प्युटर त्याच इमारतीत होता. सर पन्नाशीला आले होते. त्यांना एवढंच हवं होतं की आकडे आणि आपण एका छपराखाली असावं. काकूंनी तुळशीचं रोप शेजारणीला देऊनही टाकलं. व्याख्यानात आलेख सुबक दिसावा म्हणून सरांनी ताऱ्याबाहेर विरळ वायूचे आणखी थर जोडले आणि तेच गणित पुन्हा पुण्याला करून आणलं. आलेख काढायचं काम माझं.

नवा आलेख मी तलम कागदावर काढला आणि जुन्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. पहिला ठोका पहिल्यावर नेमका बसला. दुसरा बसला नाही. तो उशिरा येत होता.

मी कागद सरकवून पाहिले. आकडे पुन्हा मांडले. आलेख बरोबर होता. आम्ही बाहेर किती थर जोडले हे ताऱ्याला कसं कळणार? त्याचा ठोका त्याच्या वेळेलाच पडायला हवा. तो उशिरा येतो, याचा अर्थ कुठली तरी लाट बाहेर जाते, आम्ही गणित जिथे थांबवलं त्या शेवटच्या थरावर आपटते आणि परत येते. बाहेरचे थर वाढवले की वाट लांबते. खऱ्या ताऱ्याला अशी भिंत नसते. ती आम्हीच घातली होती.

दोन दिवस मी सांगायची संधी शोधत होते. गिरणीचा भोंगा झाला की दचकायची. सर यायचे, आलेख उचलायचे, चालत चालत व्याख्यानाची वाक्यं म्हणायचे आणि मी तोंड उघडेपर्यंत व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असायचे.

जायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पिशवी भरलेली होती. सर अंगणात फेऱ्या मारत होते. काकूंनी नळाला पाणी आलं म्हणून तांब्याचं मोठं घंगाळ काठोकाठ भरून ठेवलं होतं.

"सर," मी म्हटलं.

"बोल की."

मी मान हलवली. मग वाकून एक खडा उचलला आणि घंगाळाच्या मधोमध टाकला.

लाट गोल होत बाहेर गेली, काठाला लागली आणि आत वळली. सगळीकडून एकदम मध्यावर आली. पाणी तिथे टपकन वर उसळलं.

सरांचे पाय थांबले. त्यांनी स्वतः एक खडा टाकला. पाणी पुन्हा उसळलं. तेव्हा मी दोन्ही कागद एकमेकांवर धरून त्यांच्यापुढे केले.

कपडे धुवायच्या दगडावर सर हळूच बसले.

काकू धावत बाहेर आल्या. "अगं बाई! काय होतंय ओ तुमाला? बसलाय का?"

"काय न्हाय," सर म्हणाले. "काठ इसरलो."

काकूंना काही कळलं नाही, तरी त्या त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता सर माझ्याकडे कधी बघणार नाहीत. त्यांनी वर पाहिलं. "तोंडानं सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता बघ," ते म्हणाले. मग उठले, पिशवी खांद्याला लावली.

"आता कशाला जाताय?" काकूंनी विचारलं.

"बोलावलंय त्यांनी. ठोका न्हाय तर न्हाय, काठ तरी दाखवतो."

मुंबईत त्यांनी दोन्ही आलेख एकमेकांवर लावून दाखवले आणि आपला ठोका आपणच खोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा दिला. नोकरी दिली नाही. तुळस शेजारीण परत देत होती. काकूंनी घेतली नाही, नवीन लावली. सर पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात फिरू लागले, आणि उरलेल्या वेळात एकाच गोष्टीमागे लागले: लाट आली तर तिला परत न पाठवता जाऊ देणारा काठ गणितात कसा घालायचा. अजूनही त्याच्याच मागे आहेत.

गेल्या वर्षी मला पुण्याला नोकरी लागली, कॉम्प्युटरवरच. सर आणि काकू स्टेशनवर आले. काकूंनी शेंगाचटणी दिली. गाडी हलली तसे सर खिडकीबरोबर चालू लागले, नेहमीसारखे, बोलत.

"आकडे लई देखणे आले की आधी काठ हलवून बघायचा. काय?"

"हो सर."

"मोठ्यानं!"

"हो सर!" मी ओरडले. डब्यातले लोक वळून बघायला लागले.

गाडीचा वेग वाढला, सरांची चालही वाढली. काकू मागून हाका मारत होत्या, "अवो, फलाट संपला, फलाट!" सर अगदी टोकापर्यंत आले. तिथे त्यांचे पाय थांबले. गाडी पुढे गेली.