दोन शेपटांची पाहुणी

या पानावर आजवर चकवे वाचले, पिंपळावरचे आवाज वाचले, पांढऱ्या साडीतल्या बायकाही वाचल्या. माझ्याकडे त्यातलं काही नाही. माझ्या अनुभवात पाली आहेत... घरातल्या, साध्या, बोटाएवढ्या पाली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मला राग येणार नाही. आमच्या घरीही हा विषय निघाला की जेवण बाजूला राहतं आणि हसणंच चालतं.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी सायन्स घेऊन मॅट्रिक झालेली बाई. मांजर आडवं गेलं तर त्याला आधी जाऊ देते, मग मी जाते. लिंबू-मिरची मी लोणच्यात घालते, दाराला बांधत नाही. पाल चुकचुकली की लोक जमिनीवर बोटं वाजवून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात, तेही मी कधी केलं नाही — त्याचं कारण मात्र सायन्स नव्हतं. पाल चुकचुकेपर्यंत मी त्या खोलीत थांबलेलीच नसायची!

माझं माहेर साकोली तालुक्यातलं एकोडी. धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी करताना पाण्यातला साप निघाला तर मी त्याला शेपटीला धरून बांधाच्या धुऱ्यावर फेकायचे. विंचू चपलेनं मारायचे. पण पाल दिसली की हातपाय गार. लहानपणी एक वरून पडून माझ्या झग्यात शिरली होती, तेव्हापासूनचं हे. लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, हे सासरी कोणाला सांगू नको, हसतील. मी सांगितलं नाही. आमच्या हातून झालेली चूक ती हीच.

लग्न झालं १९७८ च्या वैशाखात, आणि मी पवनी तालुक्यातल्या अड्याळला आले. घरात तीनच माणसं — सासूबाई, शाळेत मास्तर असलेले माझे यजमान आणि मी. सासूबाईंना सगळं गाव 'बाई' म्हणायचं, मीही बाईच म्हणायचे. उंच, काटक, आवाज असा की गल्लीच्या टोकाला गाय थांबायची. त्यांचा माझ्या बाबांवर एक राग होता. लग्नात शेवटच्या पंगतीला बुंदी पुरली नव्हती, आणि ती पंगत नेमकी बाईंच्या माहेरच्या माणसांची. 'बुंदी' हा शब्द दिवसातून एकदा तरी माझ्या कानावर पडायचाच.

घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. आता कवेलू म्हटलं की पाली आल्याच, पण या घरात त्यांचं संमेलन भरल्यासारखं होतं. देवाच्या फोटोमागे, घड्याळामागे, मयालीवर म्हणजे छताच्या आडव्या तुळईवर, चुलीवरच्या फळीवर. मी मोजल्या होत्या... एकोणीस. भिणारा माणूसच असा हिशेब ठेवतो. त्यातली एक सगळ्यांत मोठी, आणि तिला चक्क दोन शेपट्या होत्या — डावी लांब, उजवी तोकडी. ती बरोबर मी पोळ्या लाटायला बसायचे त्याच्या वर यायची.

वैशाख, जेठ कसेबसे निघाले. रात्री अंगणात खाटा टाकायच्या, वर चांदण्या. पण पाऊस लागला आणि खाटा आत आल्या. मग माझे हाल विचारू नका. मी मच्छरदाणीच्या चारही बाजू गादीखाली खोचून बसायचे आणि ती दोनशेपटी वरच्या जाळीवर पोट टेकून पडलेली असायची. स्वयंपाकघरातून मी दिवसातून दहादा पळत बाहेर यायचे. बाई आत आल्या की मी बाहेर, असं बऱ्याचदा व्हायचं, कारण त्या फळीवरचा डबा ओढायच्या आणि डब्यामागून पाली सुटायच्या.

यजमानांच्या लक्षात आलं होतं. बिचाऱ्यांनी आईला न सांगता उपाय सुरू केले. मोरपिसं खोचली — पाली त्यांच्यावर चढून बसल्या. अंड्याची टरफलं लटकवली, तर मास्तरांच्या घरी रोज अंडी होतात असं गावभर झालं. डांबर गोळ्या ठेवल्या, तेव्हा आठवडाभर वरणाला पेटीतल्या साडीचा वास. शेवटी तंबाखूचं पाणी करून शिंपडलं. त्या वासानं यजमानांनाच गरगरलं, ते खाटेवर आडवे, आणि पाली आपल्या जागेवर शांत. मला हसू येत होतं आणि रडूही.

पण हसून किती दिवस निघणार? माझं जेवण तुटलं, झोप तुटली. शेवटी एका दुपारी मी बाबांना पत्र लिहिलं — मला न्यायला या, आणि परत पाठवू नका. कारण लिहिलं नाही, लाज वाटली. ज्या माणसानं माझ्यासाठी तंबाखूचं पाणी केलं त्याला सोडून जायचं होतं, तरी मी ते पत्र टपालपेटीत टाकलं. त्यानंतर दोन दिवसांनी झड लागली. नाल्याला पूर आला आणि एसटी बंद झाली.

त्या मंगळवारी यजमान शाळेत होते. मी धानाच्या पोत्यांमागे बसून रडत होते, तिथे बाईंनी मला गाठलं. त्या समोर फतकल मारून बसल्या. मग हळू आवाजात — त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला — म्हणाल्या, "मी आली का तू पळते. मी काय केलं पोरी तुले?"

मी सगळं सांगून टाकलं. पाली, झगा, मच्छरदाणी, आईचं बजावणं. फक्त पत्राचं तेवढं राहून गेलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदरानं डोळे पुसले... माझे नाही, स्वतःचे.

"मले वाटे, तू मलेच भेते," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले, मी रोज देवाले इचारून राहिली, माह्या तोंडात असं काय आहे म्हून पोरगी भेते."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे पाय धरले, तर त्या म्हणाल्या पाय सोड, हळदीचा डबा आण.

आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण पिवळ्या तांदळानं देतात. छापील पत्रिका आली तर माणूस जाईल किंवा न जाईल, पण हातावर हळदीचे तांदूळ पडले की जावंच लागतं. बाईंनी वाटीभर तांदूळ हळदीत कालवले, पदर डोक्यावर घेतला, आणि गावात आमंत्रणाला निघाव्यात तशा आपल्याच घरात निघाल्या. फोटोमागे दोन दाणे, घड्याळामागे दोन, फळीवर, मयालीवर. मी दारात उभी होते, एक पाय बाहेर ठेवून. शेवटी त्या दोनशेपटीसमोर थांबल्या, ही मोठी म्हणून तिच्यापुढे चिमूटभर ठेवले, आणि हात जोडून अगदी रीतीनं बोलल्या.

"पोराच्या लग्नाले तुमाले नेलं नाई, आमचं चुकलं. घरचेच मानसं राहून गेले. आता एकोडीले इवायाच्या घरी जाजा, महिनाभर राहाजा. बुंदी भेटन का नाई ते मले सांगता येत नाई, पन किडे-माकोडे भरपूर आहेत."

मी रडता रडता हसले. दोनशेपटी चुकचुकली. बाईंनी जमिनीवर बोटं वाजवली आणि मला म्हणाल्या, हो म्हणते.

यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला एवढंच बरं वाटलं की आता ही भीती या घरात माझ्या एकटीची राहिली नाही. त्या रात्री बाईंनी त्यांची खाट माझ्या खाटेला लावून घेतली, यजमानांना बाहेरच्या सपरीत, ओसरीवर पाठवलं, आणि मी कित्येक दिवसांनी झोपले.

बुधवारी सकाळी घरात एकही पाल नव्हती.

मी घड्याळ काढून पाहिलं, फोटो काढून पाहिला, यजमानांनी शिडी लावून मयाल तपासली. काही नाही. पिवळे तांदूळही नव्हते — ते उंदरांनी नेले असतील, इतकं मी मान्य करते. दुसरा दिवस, तिसरा दिवस... नाहीच. मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत पोळ्या लाटू लागले. बाई नुसत्या बघत बसायच्या. पण माझा जीव टांगणीला लागला होता, कारण ते पत्र तर निघून गेलं होतं.

पूर ओसरला आणि पुढच्या बुधवारी पहिल्या एसटीनं बाबा आले. मधल्या आठ दिवसांत आमच्या गावातून तिकडे ना माणूस गेला होता, ना चिठ्ठी. हे लक्षात ठेवा. माझं पत्र त्याआधीच त्यांना मिळालं होतं आणि ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला दिसत होतं. बाबा माझ्याकडे बघेनात. बाईंनी चहा दिला. बाबांनी खाकरून सुरुवात केली, की पोरीला चार दिवस न्यावं म्हणतो. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी रीतीप्रमाणे घरचं कसं आहे तेवढं विचारलं.

बाबा म्हणाले, सगळं बरं आहे, पण एक नवलच होऊन राहिलं आहे.

"मागच्या बुधवारी हिची माय दूध तापवाले उठली, तं सैपाकघरात पालीच पाली. आमच्या घरी इतक्या कधी नव्हत्या, बाई. लग्नात बुंदी ठेवली होती ना, त्या बांबूच्या ढोलीवर रांगेनं बसून. एकीले तं दोन शेपट्या आहेत."

बाईंची कपबशी हातातच राहिली. मी विचारलं, "बाबा, कोणती शेपटी लांब?" बाबांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी आठवून सांगितलं, डावी. उजवी तोकडी आहे.

आधी बाई हसल्या. मग मी. मग शाळेतून आलेले यजमान दारातच काय झालं विचारायला लागले आणि आम्हाला सांगता येईना. बाबा बिचारे प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. बाईंनी डोळे पुसत एवढंच विचारलं, की ढोलीत बुंदी राहिली आहे का थोडी. मी म्हटलं, बाबा, मी येत नाही. माहेरी आता माझी सोय नाही.

बाबा निघताना मी त्यांना नाक्यापर्यंत पोचवायला गेले. त्यांनी पत्र काढून माझ्या हातात दिलं. मी ते तिथेच नाल्यात सोडलं.

पुढचे दिवस मजेचे, पण मनात एक पाल चुकचुकत होतीच. बाईंनी त्यांना महिनाभराचं आमंत्रण दिलं होतं. महिना संपला की काय? मी दिवस मोजत होते. महिना भरला त्या सकाळी मी उठून भिंती पाहिल्या. मोकळ्या. बाहेर आले तर सपरीच्या खांबावर दोनशेपटी बसलेली... एकटी. उंबऱ्याच्या आत ती आली नाही. त्या दिवशीच नाही, पुढे कधीच नाही. चार दिवसांनी आईचं पत्र आलं, की महिनाभर राहून पाली एकदम निघून गेल्या, कुठे गेल्या कळलं नाही.

मी एकदम धीट झाले असं नाही. पण त्या खांबाजवळून जाताना पळायचे थांबले. दिवाळीला बाबांनी डबा भरून बुंदीचे लाडू पाठवले, गच्च भरून. बाईंनी पहिला घास देवाला ठेवला आणि दुसरा त्या खांबाच्या बुडाशी. नंतर दोन पावसाळे ती तिथेच होती, मग दिसेनाशी झाली. पंच्याऐंशीत आम्ही वर स्लॅब टाकला, तेव्हा तो खांब बाईंनी पाडू दिला नाही.

आता तुम्ही कारणं सांगाल. माझ्या मुलानंही सांगितली आहेत. तंबाखूच्या वासानं आमच्या गेल्या, पावसामुळे एकोडीत दुसऱ्या आल्या, शेपटी तुटली की कधीकधी दोन फुटतात. बरं. मग त्याच बुधवारी? डावीच लांब? आणि बरोबर महिना? मधे जंगल, नाले, धानाच्या बांध्या, दोन एसट्या बदलून जायचा रस्ता. मुलगा म्हणतो योगायोग. असेल. खरं सांगायचं तर मी उत्तर फारसं शोधलंही नाही.

मी एकच गोष्ट शिकले. आमची सून घरात आली, त्याच संध्याकाळी मी तिला जवळ बसवून विचारलं, पोरी, तू कशाला भितेस ते आत्ताच सांग. ती आधी गोंधळली, मग म्हणाली, झुरळांना. मी उठून वाटीत हळद-तांदूळ कालवले, पदर डोक्यावर घेतला, आणि मोरीपासून गॅसच्या ओट्यापर्यंत सगळ्या झुरळांना रीतीनं आमंत्रण दिलं. सून तोंडावर हात धरून हसत माझ्या मागे मागे फिरली.

झुरळं काही गेली नाहीत. सून मात्र राहिली.