आडवे दाणे

आधीच सांगते, मी बियाणं तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. भूतबित, आत्माबित यावर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही हे लिहितेय...

आम्ही रायपूरला शंकर नगरात राहतो. बाबांनी आयुष्यभर सरकारी गोदामात धानाचं बियाणं तपासलं. त्यांची एक सवय होती. ताटलीत दाणे उभे, म्हणजे टोकं आपल्याकडे करून, मांडायचे आणि आजारी वाटला की तो दाणा बोटानं आडवा करायचा. दाणा कापून बघायचा मात्र त्यांना भारी राग. म्हणायचे, "दाण्याले कापून मंग त्याची तब्येत काहून पुसता वं?"

आमच्या लॅबमध्ये एक्स-रे मशीन येणार, दाणा न कापता आतली बुरशी दिसणार, हे ऐकून ते लहान मुलासारखे खूश झाले होते. "आली का पहिले तुमालेच दाखवतो," मी कबूल केलं होतं. मशीन आली, पण त्याच्या महिनाभर आधी बाबा गेले.

त्यांनी जपलेल्या सुगंधी धानाचं मूठभर बियाणं डब्यात उरलं होतं. तेवढंच — दुसरीकडे कुठेही नाही. आईला ते अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गच्चीवरच्या वाफ्यात पेरायचं होतं. पण एखादा रोगट दाणा गेला तर अख्खा वाफा हातचा जाणार. म्हणून मी डबा लॅबमध्ये नेला.

सगळे दाणे ट्रेमध्ये उभे मांडले आणि फोटो काढला. थोडा धूसर आला. ट्रे आतच ठेवून, मशीनला कुलूप लावून जेवायला गेले. किल्ली माझ्याच खिशात होती. परत येऊन दुसरा फोटो काढला...

बारा दाणे आडवे!

शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "दीदी, आपने ही टेढ़े रखे होंगे." मी तिला पहिला फोटो दाखवला. धूसर होता, पण सगळे दाणे उभे. तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. त्या बारांपैकी अकरा दाण्यांच्या आत काळे डाग होते; उभ्या दाण्यांत एकातही नाही. बारावा मशीनच्या मते ठणठणीत. तरी तो मी वेगळा ठेवला.

घरी येऊन आईला सांगताना रडूच आलं. ती शांतपणे म्हणाली, "रडतं काहून? त्याईले मशीन पाहाची होती ना... पाहून गेले."

नंतर साधं धान मांडून मी कितीदा तरी तेच करून पाहिलं. मशीन हादरते का, ट्रे सरकतो का... एक दाणा हलला नाही. कारण मला आजही ठाऊक नाही.

अक्तीला आईनं बाकीचं बियाणं पेरलं. आता वाफा हिरवागार आहे. बारावा दाणा मी एका वाटीत वेगळा लावला होता. कोंब आला, आणि चार दिवसांत काळा पडून सडला.

मशीन बघायला आले, आणि तिचीही चूक काढून गेले. असेच होते आमचे बाबा.