असार बत्तीस

टंकनाथ ढकाल ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. आमच्या पनौतीच्या दूध डेअरीत सकाळी दूध मापून घेण्याचं काम त्याचं. कुणाचीही कॅन पुढे आली की याच्या मनात पाल चुकचुकलीच. लॅक्टोमीटर दोनदा बुडवायचा, दूध बोटावर घेऊन चाटायचा आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. सुकमाया तामाङ वर्षानुवर्षं दूध घालतेय, तिच्या दुधात कधी थेंबभर पाणी निघालं नाही. तरी हा म्हणायचा, "आज नाही घातलंस. उद्याचं उद्या बघू." मी आत कॉम्प्युटरवर बसतो. ते ऐकून माझं डोकं फिरायचं, पण याच्या तोंडी कोण लागणार?

आमचा जुना प्रोग्राम काळ्या पडद्याचा. आमचे नेपाळी महिने दर साली लांब-आखूड होतात, असार म्हणजे आषाढ कधी एकतीसचा तर कधी बत्तीसचा, आणि लिहिणाऱ्याने पुढच्या काही सालांचेच दिवस त्यात भरून ठेवले होते. यंदा नव्या सालाचा वैशाख लागला तसा तो अडून बसला. मग नवा प्रोग्राम बसवायला काठमांडूहून प्रज्वला डंगोल आली.

टंकनाथने पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात ओढलं. "ही पोरगी तारखा दुरुस्त करायला नाही आली. म्हाताऱ्यांना घरी पाठवायला आलीय. कुठंतरी पाणी मुरतंय बघ."

सगळ्यांची नावं नव्यात गेली, आणि नेमकं याचंच अडलं.

"दाइ, तुमची जन्मतारीख असार बत्तीस लिहिलीय," थोरल्या भावाला हाक मारावी तशी प्रज्वला म्हणाली. "त्या साली असार एकतीसचाच होता."

"म्हणजे मी जन्मलोच नाही?"

"जन्मलात हो! फक्त त्या दिवशी नाही. जुना प्रोग्राम काहीही खपवून घ्यायचा. मी एकतीस टाकते. निवृत्तीला दोन वर्षं आहेत तुमच्या, ती तशीच राहतील."

दुसऱ्या कुणी तिला चहा पाजला असता. याने डोळे बारीक केले. "इतकं सोपं करून का देतेयस, पोरी? थांब. आईला विचारून येतो."

साक्षीदार हवा म्हणून मलाही नेलं. म्हातारी अंगणात गुंद्रुकाचा आंबवलेला पाला वाळत घालत होती.

"आमा, मी असारातला ना?"

"असारात? असारात रोपणी असते. तू मंसिरातला, भात झोडताना झालास."

"मग शाळेत असार कुणी सांगितला?"

"तुझ्या बाबांनी. तीन वर्षं कापली तुझी. म्हणाले, पुढे नोकरीत कामाला येतील. दिवस विचारला तर सांगितलं, असारचा शेवटचा. मास्तरांनी बत्तीस लिहून टाकलं, पंचांग कोण उघडतंय!"

म्हणजे खऱ्या हिशेबाने हा गेल्याच वर्षी घरी बसायला हवा होता. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "गप्प बस. धाकटी नर्सिंगला आहे ना तुझी? तिचं शिक्षण होईपर्यंत तरी एकतीस म्हण आणि मोकळा हो."

"जन्मभर दुसऱ्यांच्या कॅनीत लॅक्टोमीटर बुडवला," तो म्हणाला. "आणि पाणी निघालं माझ्याच कॅनीत."

दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. मला असा संताप आला! खरेपणाने पोरीची फी भरली जाते का? प्रज्वलाने दोनदा समजावलं, पण तो ऐकेना. नवा प्रोग्राम जन्मतारखेशिवाय नाव घेत नाही, त्यामुळे त्याचं नाव त्यात कधी गेलंच नाही.

नोकरी सोडताना मिळालेल्या पैशातून त्याने दुभती म्हैस घेतली. दसऱ्याचा सण, दसैं, उलटला आणि एका सकाळी तो कॅन घेऊन आमच्याच रांगेत उभा. मापावर आता नवा माणूस, याचाच शिकवलेला. तो लाजला. "तुमचं काय तपासायचं, दाइ? ओता."

"तपास!" टंकनाथ खेकसला. "दोनदा तपास."

त्याने दोनदा तपासलं. दूध चोख होतं. टंकनाथने मान ताठ करून मागे पाहिलं. मागे सुकमाया उभी होती.

"आज नाही घातलंत, दाइ," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

अख्खी रांग हसली, आत मीसुद्धा. रिकामी कॅन उचलून टंकनाथने तिला पुढे जायला वाट दिली.