घरात चालतंय

कुंडलमध्ये हंबीरराव सुभेदारांना कुणी "बरं हाय का?" असं विचारत नसे. माणूस भेटला की पहिला सवाल ठरलेला, "आवं सुभेदार, तो नवा पिक्चर घरात चालंल का?" मग सुभेदार मिशीवरून बोट फिरवणार, जरा थांबणार आणि सांगणार, "चालतंय." नाहीतर, "एकट्यानं बघा." बास, विषय संपला. पलटणीतनं पेन्शनीत आलेली माणसं गावात ढिगानं पडलीत, त्यांना कोण पुसतंय? पण सुभेदारांचा शब्द म्हणजे शिक्का होता, आणि त्या शिक्क्याचा त्यांना लय अभिमान होता.

याचं मूळ त्यांच्याच सोप्यात होतं. थोरल्या जयराजचं लग्न झालं, साताऱ्याची प्रांजल सून म्हणून आली, आणि पहिल्या दिवाळीला सगळी मंडळी चिवड्याच्या ताटल्या घेऊन टीव्हीपुढं बसली. पिक्चर सुरू झाला तेव्हा देऊळ काय, आजी काय, सगळं कसं सोवळं. आणि मग एकाएकी त्या हिरो-हिरॉइननं जे आरंभलं ते काही केल्या थांबेचना! प्रांजल मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे शोधू लागली. सुभेदारांच्या कारभारणीला, मालनबाईंना, चुलीवर नसलेलं दूध आठवलं. रिमोट कुणाच्या बुडाखाली होता देव जाणे. शेवटी सुभेदार उठले आणि टीव्हीपुढं सावधान उभे राहिले. चित्र झाकलं हो, पण आवाज कशानं झाकणार?

सुभेदारांची सारी नोकरी सुरुंग शोधण्यात गेलेली. आधी आपण चालायचं, जमीन चाचपायची, मग मागच्यांनी पाय टाकायचा. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, इथनं पुढं टीव्हीलाही हाच कायदा. आधी मी, मग मंडळी.

पहिल्यांदा ते खरोखर अख्खा पिक्चर बघत. मग समोरच्या घरातला नानासो, त्यांचा बाळपणापासूनचा मैतर, विचारू लागला. मग गल्ली, मग व्हॉट्सअॅपचा ग्रुप. शिराळ्याचा भाऊसो, त्यांच्या पलटणीतला जोडीदार, तो तर दर रविवारी दुपारी फोन करून विचारी. मागणी वाढली, आणि एका माणसाला डोळे दोनच. सुभेदार रिमोटचं बटण दाबून पुढं पुढं पळवू लागले. कुठं पलंग दिसला की थांबायचं, नदी दिसली की थांबायचं, दोन माणसं फार जवळ आली की थांबायचं. बाकी सगळं पळवायचं. आणि शेवट तर ते कधीच बघत नसत. त्यांचा अनुभवच होता, शेवटी माणसं रडतात न्हाईतर मारामारी करतात, तसलं काही नसतं!

"पिक्चर बघताय का पाखरं हाकलताय?" मालनबाई विचारत.

"तुला काय कळतंय त्यातलं?" सुभेदार म्हणत.

शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. पण शीत निदान तोंडात तरी घालावं की नाही? ह्यांनी नुसता भाताचा वास घेऊन गावजेवणं उठवली. गेल्या दिवाळीत भाऊसोला एक लांबलचक सिरीज धाडली, सासरच्यांनी सुनेला लेकरासकट घराबाहेर काढलेलं, अशी काहीतरी गोष्ट. "एक बी वंगाळ सीन न्हाई, मंडळींनी मिळून बघा," असं वर लिहिलं. भाऊसोनं उलट नुसता अंगठा पाठवला. एरवी चार ओळी लिहिणारा गडी. पण सुभेदारांना अंगठा पुरला.

आता नानासोच्या घराचं सांगायला हवं. नानासो आणि अंजनाबाईंना दोन लेकरं, शिवांजली आणि तिच्या पाठचा शिवतेज. शिवतेजला मिलिटरीत जायचं होतं. भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यानं पळायचा. ऊस तोडणीचे दिवस होते, मागनं आलेली बिनदिव्याची उसाची ट्रॉली, आणि धुकं. झालं ते झालं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून अंजनाबाईंनी टीव्हीवर जुनी साडी टाकली ती टाकलीच. पोराचा फोटो पेटीत गेला. घरात, गल्लीत, कुणी त्याचं नाव काढत नसे. उगाच कशाला त्या माऊलीच्या जखमेला बोट लावा, असं जो तो म्हणे.

एका शनिवारी शिवांजलीचा फोन आला. ती सांगलीला नोकरीला, सुट्टीला गावी यायची.

"काका, आई हो म्हणाली! उद्या टीव्ही लावू म्हणाली. मी किती दिवस मागं लागले होते. काहीतरी चांगला सांगा, तिला सोसवंल असा. पुन्हा ती साडी पडायला नको, काका."

सुभेदारांना भरून आलं, खोटं कशाला बोला. त्यांनी नुकताच एक पिक्चर हाकलला होता. खेड्यातलं पोरगं पळतंय, बाप शिट्टी वाजवतोय, आई डब्यात लाडू देतेय. कुठं पलंग नाही, नदी नाही.

"लय चांगला हाय. घरात चालतंय."

"तुम्ही सगळा बघितलाय ना?"

"म्हंजी काय! सगळा बघितलाय."

बघा, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या एका शब्दाची काय किंमत पडणार होती हे त्यांना कुठं ठाऊक!

रविवारी दुपारी समोरच्या घरातनं टीव्हीचा आवाज आला आणि सुभेदार ओसरीवर फुशारून बसले. "ऐकलंस का? लागला टीव्ही," असं मालनबाईंना दोनदा सांगितलं. दोन-अडीच तासांनी आवाज एकदम तुटला. दार वाजलं. मग काहीच नाही. संध्याकाळी शिवांजलीचा फोन आला. घर समोर, चार पावलांवर, तरी पोरगी आली नाही, फोन केला.

"काका, तुम्ही खरंच सगळा बघितला होता?"

तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. सुभेदारांना ते कळलं, पण अभिमान आडवा आला.

"व्हय की. का गं?"

पोरगी मग म्हणाली, "मग तुम्हाला काहीच वाटलं न्हाई? आई आत जाऊन दार लावून बसलीय." आणि फोन ठेवला.

सुभेदारांनी पिक्चर लावला. रिमोट मालनबाईंच्या हातात दिला, म्हणाले, "मी मागितला तरी देऊ नगंस." या खेपेला पळवायला बटणच नव्हतं. शेवटी, ते पोरगं भरतीच्या आदल्या दिवशी पहाटे रस्त्यानं पळतंय. धुकं आहे. मागनं ट्रक येतो. बाप शिट्टी तोंडात धरून उभा आहे आणि पोरगं येतच नाही.

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. "आगं आई गं! आवं, ह्यो तुमी अंजीला दावला?"

सुभेदारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरी गोम अशी की यातनं सुटायच्या वाटा दोनच होत्या, आणि दोन्ही चिखलातल्या. बघितला म्हणावं तर काळीज नसलेला माणूस. न बघता सांगितला म्हणावं तर खोटारडा, आणि एकदा ते कबूल केलं की गावभर मारलेले सगळे शिक्के खोटे. सुभेदारांनी काय केलं? काही नाही. सहा फुटांचा गडी, पण आठवडाभर मागच्या दारानं मळ्यात जात-येत राहिला. नानासो एकदा वाटेत भेटला. म्हणाला, "चांगला हुता पिक्चर," आणि नजर न देता पुढं गेला. त्यापेक्षा त्यानं कानाखाली ओढली असती तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मालनबाईंनीच हाकललं. "जावा. सुरुंगावर पाय टाकताना भ्याला न्हाईसा आन एका बाईम्होरं उभं ऱ्हायला भ्येताय?"

अंजनाबाई सोप्यात मेथी निवडत बसल्या होत्या. सुभेदारांनी आधी टीव्हीकडं पाहिलं. त्यावर साडी नव्हती. टीव्हीशेजारी शिवतेजचा फोटो होता, छातीवर शर्यतीचा नंबर लावलेला, दात काढून हसणारा. सुभेदारांना काही उमगेना.

"या भावजी. बसा."

"वहिनी, त्यो पिक्चर..."

"मी तुमच्याकडं येणारच हुते," अंजनाबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा लय राग आला. म्हटलं, सगळा बघून ह्यांनी आमाला असला पिक्चर का द्यावा? दोन दिस डोळ्याला डोळा न्हाई. मग ध्यानात आलं, बघूनच दिला तर इचार करूनच दिला आसंल. दोन वर्सं झाली भावजी, कोण त्याचं नाव घेत न्हाई. हे बी घेत न्हाईत. मी म्हणायचे, माझं पोरगं हुतं का न्हवतं? त्यादिशी मी त्याच्या नावानं वरडून रडले. हे बी रडले. पोरीला अजून राग हाय तुमचा. मी तिला म्हटलं, भावजींनी मुद्दाम दावला. त्यांना आमच्या शिवाची याद हाय."

घ्या! तोंड लपवत आलेल्या माणसाच्या गळ्यात हार. सुभेदारांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. इज्जत राहिली असती, वर पुण्य पदरात पडलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण समोर ते पोरगं दात काढून हसत होतं. सुभेदारांना त्याच्याकडं बघवेना.

"वहिनी, मी त्यो बघितलाच न्हवता."

अंजनाबाईंचा हात मेथीत थांबला.

"मी कुठलाच बघत न्हाई. पळवतो. वंगाळ काय न्हाई ना, तेवढंच बघतो. शेवट तर कवाच न्हाई. पोरीला खोटं बोललो. शिवतेजची याद..." खोटं बोलायचं नाही म्हणून आले होते, आणि खरं असं होतं की त्या दिवशी शिवतेज त्यांच्या मनातसुद्धा आला नव्हता.

अंजनाबाई मग हळू म्हणाल्या, "म्हंजी चुकून."

"चुकून," सुभेदार म्हणाले.

"मला वाटलं, कुणाला तरी आठवला."

शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर सुभेदार ताठ मानेनं निघून गेले असते. पण त्या बाईनं नुसतं मेथीचं एक पान उलटं-सुलटं केलं. एवढ्या दिवसांनी तिला एक आधार सापडला होता, आणि आपला खोटेपणा धुवायला आलेल्या ह्या माणसानं तोही काढून घेतला. आपण आधी केलं ते पाप, की आत्ता केलं ते, हेही सुभेदारांना कळेना.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. रविवारची दुपार. शिराळ्याचा भाऊसो. सुभेदार बंद करू गेले, तर गडबडीत तो चालूच झाला, आणि भाऊसोचा खणखणीत आवाज सोप्यात घुमला.

"रामराम सुभेदार! काय हाय आज? घरात चालंल असा सांगा गड्या एखादा!"

"भाऊसो, मी..." सुभेदारांनी अंजनाबाईंकडं पाहिलं.

अंजनाबाई मेथी निवडू लागल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात कोण कोण हाय, एवढं तरी इचारा."

इतकी वर्षं हा प्रश्न सुभेदारांनी कुणालाच विचारला नव्हता.

"भाऊसो, घरात कोण कोण असतंय रं बघायला?"

पलीकडं भाऊसो हसला. "हे काय आज नवीनच? मी, मंडळी, धाकला..." मग त्याचा आवाज खाली आला. "आन थोरली हाय. लेकराला घिऊन. दिवाळीच्या आधीपासनं हितंच हाय ती. सासरच्यांनी घराभाईर काढली. कुणाला बोललो न्हाई रं."

दिवाळीत त्याच घरी सुभेदारांनी ती सुनेला लेकरासकट बाहेर काढल्याची सिरीज धाडली होती, मंडळींनी मिळून बघा म्हणून.

"बोला की सुभेदार," भाऊसो म्हणत होता. "हायसा न्हवं?"