आर्डिसचा कोपरा

आर्डिस व्होगलसँगच्या घराला दोन दारं आहेत. पुढच्या दारानं पाहुणे येतात, म्हणजे फारसं कुणी येत नाही. बाजूच्या दारानं अख्खं हॅडली ग्रोव्ह येतं, कारण तिथं तिचं पार्लर आहे. एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीला लागून डोक्यावर टोप उतरवायचे जुने ड्रायर. मी शेजारीच राहते. आमच्या गावातल्या बायकांची डोकी आतून आणि बाहेरून आर्डिसइतकी कुणालाच माहीत नसतील.

पण खुर्चीत बसून कुणी काय बोललं, ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या नवऱ्यानं पुन्हा प्यायला सुरुवात केली, सगळं ऐकायचं आणि जमिनीवरच्या केसांबरोबर झाडून टाकायचं. राजकारणावर तर ती ‘हो का?’ याच्यापलीकडे जात नसे. सगळ्यांना वाटायचं, आर्डिस आपल्याच बाजूची.

म्हणून त्या वर्षी तिच्या अंगणात गव्हर्नर हॅरिएट लॉकरिज यांच्या नावाची प्रचाराची निळी पाटी दिसली, तेव्हा मी सपाता घालूनच बर्फातून तिच्याकडे गेले.

“अगं, ही पाटी चुकून लावली का कुणी?”

“चुकून नाही. मीच मागवली.”

“आणि गिऱ्हाईकं?”

“पाटी बघून त्यांचे केस वाढायचे थांबणार आहेत का?”

बोलली ठसक्यात, पण एकाच टॉवेलची तिनं माझ्यासमोर तीनदा घडी घातली.

झालं होतं असं की गव्हर्नरबाई पानगळीच्या दिवसांत आमच्या वाचनालयात येऊन गेल्या. अध्यक्षपदासाठी उभं राहू इच्छिणारी सगळी मंडळी आधी आमच्या आयोवा राज्यातच येतात आणि आमच्या हातची कॉफी पितात, त्यात नवल नाही. पण ही बाई म्हणाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करायला जी बाई कामधंदा सोडून घरी बसते, तिला सरकारनं पगार द्यायला हवा. नवऱ्याच्या, म्हणजे डेलमरच्या आईचं करताना आर्डिसनं पार्लर कितीतरी महिने बंद ठेवलं होतं. सासूबाईंना अंथरुणातच भरवणं, पुसणं, रात्री उठणं, सगळं तिनं एकटीनं केलं. घरी येताना गाडीत ती मला म्हणाली, “त्याला काम म्हणणारं पहिलंच माणूस भेटलं गं.”

आणि मग पक्षाच्या लोकांनी तिला लॉकरिजबाईंच्या कोपऱ्याची प्रमुख केलं.

आमच्याकडे त्या वेळी पक्षाचा उमेदवार ठरवायला चिठ्ठी टाकत नसत. जानेवारीतल्या एका सोमवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये जमायचं आणि आपल्या माणसाच्या कोपऱ्यात सगळ्यांसमोर जाऊन उभं राहायचं. जमलेल्यांपैकी साधारण सातातला एक तरी आपल्या कोपऱ्यात हवा. नाहीतर अर्ध्या तासात माणसं मिळवावी लागतात, किंवा कोपरा मोडून दुसरा गाठावा लागतो; तेवढ्या वेळात कुणालाही कोपरा बदलता येतो. कोण कुठं उभं होतं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला पाठ असतं. आर्डिसचा कोपरा रिकामा राहिला असता तर तिनं इतकी वर्षं मिटलेलं तोंड हसं करून घेण्यासाठीच उघडलं, असं झालं असतं.

तिच्या घरातच विरोध होता. डेलमरचा जीव निवडणुकीत उतरलेल्या एका टायरवाल्या कारखानदारावर जडला होता.

“त्यानं धंदा चालवलाय,” टोस्टला लोणी फासत तो मला म्हणाला. “तुमची ही बाई सगळ्यांना पगार वाटणार. आणायचे कुठून?”

“मांसाच्या कारखानदारांवर कर बसवून,” आर्डिस म्हणाली. “डुकरं पाळणाऱ्याला काही सुटत नाही, आणि दुकानात मात्र बेकन बघूनच परत ठेवावं लागतं. मधलं कोण खातं?”

“कर बसवला की ते भाव आणखी वाढवतील.”

“म्हणजे आत्ता माझ्यावर दया करून थांबलेत?”

“मुद्दा तो नाही. ती निवडून येत नसते, आर्डिस.”

“आणि तुझा टायरवाला?”

“तोही नाही येत,” डेलमर शांतपणे म्हणाला, “पण मी त्याची पाटी नाही लावली.”

निवडून येण्याची हमी फक्त सिनेटर प्रेस्कॉट यांची होती. उंच, पांढरे केस, कुठल्याही प्रश्नाला ‘दोन्ही बाजूंचा विचार करावा लागेल’ हे उत्तर. त्यांच्या कोपऱ्याचा प्रमुख होता धान्याच्या कोठाराचा मॅनेजर वर्लिन हॅवरकँप. त्याच्या बायकोनं, मार्जीननं, पाटी लागल्यापासून केसांची वेळ दोनदा रद्द केली होती. ती आता शेजारच्या गावातल्या पार्लरला जाणार, अशी कुजबुज होती.

मी स्वतः काही फार शूर नव्हते. खुर्चीत बसून मीही म्हटलं होतं, “मला आवडते गं ती, पण लोक नाही निवडून द्यायचे.”

“कोण लोक?” आर्डिसनं विचारलं.

“लोक म्हणजे... लोक.”

त्यावर तिनं कंगवा जरा जोरातच ओढला.

सोमवारी पार्लर बंद असतं, पण सभेच्या दिवशी तिनं ते उघडलं. सगळ्या गावासमोर उभं राहायचं म्हणजे केस नीट हवेत, आणि शेजारच्या गावातलं पार्लर बंद होतं. त्यामुळे मार्जीनही आली. कुणाकडे न बघता खुर्चीत बसली. ओपल ड्रीसेन ड्रायरखाली होती. ओपल वयानं आमच्यात सगळ्यात मोठी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, गावात तिच्या शब्दाला मान. मी ओल्या डोक्यानं तिच्या शेजारी वाट बघत होते.

आमच्याकडच्या बायकांना एक सवय आहे. ड्रायरच्या घरघरीत आपलं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून आपण कुजबुजतोय असं समजून त्या ओरडतात. कुणी ड्रायरखाली घरातलं काही बोलू लागलं की आर्डिस कुठूनही धावत यायची आणि बटण बंद करायची. मी ओपलच्या कानाशी वाकून विचारलं, “आज कुठल्या कोपऱ्यात?”

ओपलनं आधी मार्जीनच्या पाठीकडे पाहिलं, तोंडावर हात धरला आणि गर्जना केली, “मला लॉकरिजबाई फार आवडते! म्हाताऱ्यांचा विचार करणारी तीच एक! पण ही मार्जीन आणि तिच्या ओळखीच्या बायका बाईला मत द्यायच्या नाहीत! मग मत वाया कशाला घालवू? जाते आपली प्रेस्कॉटकडे! कुणाला सांगू नकोस हं!”

मी आर्डिसकडे पाहिलं. ती बटणापासून दोन पावलांवर होती. ओठांत पिना धरून ती मार्जीनच्या केसांकडे अशी एकाग्र होऊन बघत होती, जणू त्यात सुई हरवलीय.

मार्जीन खुर्चीसकट वळली. “मी? मी कधी म्हटलं? अहो ओपलताई, तुम्ही आणि चर्चमधल्या सगळ्या बायका नाही म्हणणार म्हणून मी गप्प बसले! माझ्या आईला सांभाळतेय मी, मला कळत नाही का?”

“काय म्हणते ही?” ओपल ओरडली.

मी उठून बटण बंद केलं. मग बेसिनपाशी बसलेली बाई म्हणाली, “मी तर तुम्हा दोघींमुळे गप्प होते,” आणि आम्ही इतक्या हसलो की डेलमर दार उघडून बघून गेला.

“आर्डिस, तुला हे सगळं माहीत होतं!” मार्जीन म्हणाली.

आर्डिसनं तोंडातल्या पिनांकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी हॉलमध्ये ती भिंतीला पाठ लावून एकटी उभी होती, नवीन ब्लाउज घालून. आधी मी गेले. मग काठी टेकत ओपल आली, आणि ओपल आली म्हटल्यावर चर्चच्या बायका एकेक करून आल्या, काहींचे नवरेही आले. मार्जीन मात्र वर्लिनशेजारी पर्स छातीशी धरून उभी राहिली. आमच्याकडे बघेना.

मोजणी झाली. आम्हाला एक माणूस कमी पडत होता.

टायरवाल्याच्या कोपऱ्यात डेलमर आणि एक दाढीवाला, असे दोघेच होते. तो कोपरा मोडला आणि दाढीवाला लगेच प्रेस्कॉटकडे गेला. सगळा हॉल डेलमरकडे बघू लागला. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली, खिशात हात घातले आणि सावकाश चालत प्रेस्कॉटच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

कुणीतरी शिट्टी मारली. आर्डिसच्या मानेपर्यंत लाली चढली.

“अरे डेलमर,” मार्जीन मोठ्यानं म्हणाली, आणि या वेळी डोक्यावर ड्रायर नव्हता, “लाज नाही वाटत? सर बाजूला.” ती सरळ हॉल ओलांडून आमच्याकडे आली.

“मार्जीन!” वर्लिन म्हणाला.

“तुला डेलमर मिळालाय ना? मग झालं तर!”

पुन्हा मोजणी झाली आणि कोपरा टिकला. ओपलनं काठी जमिनीवर आपटून टाळ्यांचं काम भागवलं.

डेलमर कॉफीचा कप घेऊन आला, तेव्हा आर्डिसनं त्याच्याकडे पाठच केली.

“ऐक तर,” तो हळूच म्हणाला. “मी आलो असतो तर उद्या सगळे म्हणाले असते, नवऱ्याला ओढून आणून कोपरा भरला. आता कुणाची टाप आहे का?”

“आणि मार्जीन आली नसती तर?”

डेलमरनं यावर बराच वेळ कॉफी ढवळली. तो साखर घेत नाही.

“तू त्या सिनेटरसाठी गेलास की माझ्यासाठी?”

“दोन्ही बाजूंचा विचार करावा लागेल,” डेलमर म्हणाला, आणि तिला हसू आवरलं नाही. त्याच्या हातातला कप घेऊन तिनं स्वतःच पिऊन टाकला.

एवढ्यात सभेच्या अध्यक्षांनी हाक दिली. प्रत्येक कोपऱ्यानं जिल्ह्याच्या सभेला पाठवायला एक प्रतिनिधी निवडायचा होता. ती सभा मार्चमधल्या एका शनिवारी होती. आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, “आर्डिस!”

“शनिवार?” ती गडबडली. “शनिवारी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक असतं माझं. नाराज होतील बायका.”

“मी शुक्रवारी येते,” मार्जीन म्हणाली. “सकाळची पहिली वेळ माझी.”

“पहिली वेळ माझी असते,” ओपल म्हणाली. “कधीपासूनची.”

“तुमचे केस ते किती, ओपलताई! दुपारी या ना.”

“मला दुपारी झोप लागते!”

मग बाकीच्याही पुढे सरसावल्या. कुणाला रंग लावायचा होता, कुणाच्या नातीचं लग्न होतं. अध्यक्ष टेबलावर हातोडी आपटत राहिले, आणि शांतता राखायला सांगितलेला एकमेव कोपरा आमचाच होता. मधोमध उभी राहून आर्डिस कागदी नॅपकिनवर शुक्रवारच्या वेळा भरत होती.