साडूभाऊंची करमाफी

जगात नियम मोडणारी माणसं पुष्कळ आहेत, नियम पाळणारीही थोडीफार आहेत. पण जिथं नियमच नाही तिथं तो आधी तयार करून मग पाळणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं पसंत केला. आमचे साडू मूळचे नाशिकचे. बरीच वर्षं जेद्दात आहेत, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. अल अझीझियात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्याकडे जेवायला गेलं की पानं वाढण्याआधी मागच्या जेवणाच्या इतिवृत्ताचं वाचन होतं. ‘आमटीत मीठ कमी असल्याची सूचना आली होती, त्यावर कार्यवाही झालेली आहे,’ असं ते गंभीरपणे सांगतात आणि स्वयंपाकघरात ताई कपाळावर हात मारून घेतात. एकदा डोंगरावरच्या ताइफला गुलाबाच्या मळ्यात गेलो होतो. म्हाताऱ्या मालकानं कौतुकानं आमच्या मुलींच्या ओंजळी फुलांनी भरल्या, तर हे त्याच्याकडे पावती मागत बसले. ‘घाटात पोलिसांनी विचारलं, फुलं कुठली, तर?’ फुकट दिलेल्या फुलांची पावती कशी करायची हे त्या बिचाऱ्याला कळेना. त्यानं आम्हाला कहवा पाजला, वर आणखी फुलं दिली. एकाही पोलिसानं आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, पण साडूभाऊ घाट उतरेपर्यंत सीटला टेकले नाहीत.

अशा माणसाच्या हाती शाळेचा पालकसंघ लागला. खरं तर संघ असा काही नव्हताच. मुलांच्या भारतीय शाळेतले आम्ही काही पालक क्रीडादिनाला खुर्च्या लावायचो, स्नेहसंमेलनात समोसे वाटायचो, वर्ष संपलं की जुनी पुस्तकं गोळा करून खालच्या वर्गातल्या मुलांना द्यायचो. सुखानं चाललं होतं. एका स्नेहसंमेलनात साडूभाऊंनी समोशांचं बिल डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांना त्यात वॅट दिसला. ‘सेवाकार्यावर कर?’ झालं! संघाची ना-नफा संस्था म्हणून रीतसर नोंदणी करायची आणि करमाफी मिळवायची, असं त्यांनी हातात समोसा धरूनच जाहीर केलं. आमच्यातले एक पालक रत्नागिरीकडचे, अत्तराचं दुकान चालवणारे. ते म्हणाले, ‘अहो भाई, आपली कमाई शून्य. माफी कशाची मागता? कोणी विचारलंय का आपल्याला?’ ‘विचारल्यावर धावपळ नको, म्हणूनच!’ साडूभाऊ म्हणाले. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं या देशात चालत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं.

मग संघाची घटना लिहिणं सुरू झालं. दर शुक्रवारी दुपारी, माणसं जेवून आडवी होतात त्या वेळेला, आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात ताटकळत असायचो. ताईंचे बटाटेवडे समोर निवत असायचे, पण गणसंख्या पूर्ण झाल्याशिवाय वड्याला हात लावायचा नाही. ‘उद्दिष्टे’ या शब्दावर एक शुक्रवार गेला, ‘उपउद्दिष्टे’ असावीत की नाही यावर दुसरा. मी घरी येऊन आदळआपट करायचो. एकदा बायको शांतपणे म्हणाली, ‘अहो, बारावी झाली की त्यांची लेक पुण्याला जाणार, ताई तिच्याबरोबर जाणार. भावोजी इथं एकटे राहायचेत. ते अर्ज करत नाहीयेत, पुढची सोय करताहेत.’ त्यानंतर माझी आदळआपट कमी झाली. पूर्ण थांबली असं मात्र म्हणवत नाही, कारण सदस्यत्वाच्या कलमावर पुन्हा भांडण झालंच. ज्याचं मूल शाळेत शिकत असेल तोच सभासद, असं त्यांनी लिहिलं. पूर्वी एक गृहस्थ, मुलं शाळेतून बाहेर पडली तरी, समोसे खायला आणि भाषण करायला नेमानं येत. त्यांचा साडूभाऊंनी धसका घेतला होता. ‘माजी पालकांनाही घ्या हो,’ मी कळवळून म्हणालो. ‘पळवाटा ठेवल्या की संस्था बुडते,’ ते म्हणाले. स्वतःची लेक बारावीत आहे हे साडूभाऊंच्या ध्यानातच नव्हतं!

अर्ज घेऊन आम्ही कचेरीत गेलो. इथं आता इकाम्यापासून, म्हणजे राहण्याच्या परवान्यापासून, दंडापर्यंत सगळं मोबाईलवर होतं. साडूभाऊंनी मात्र उशीएवढी फाईल नेली होती. समोरचा तरुण अधिकारी फार सभ्य. त्यानं खजूर पुढं केले आणि इंग्रजीत विचारलं, ‘संघ कर किती भरतो?’

‘काहीच नाही,’ साडूभाऊ म्हणाले.

‘मग मी माफ काय करू?’

‘तेच लिहून द्या. खाली शिक्का मारा.’

‘शिक्का?’ त्या पोरानं टेबलाचे खण उघडून पाहिले. शिक्का अख्ख्या मजल्यावर नव्हता. आत साहेबाला विचारून तो परत आला आणि म्हणाला, तुम्ही शाळेचा भाग आहात, शाळेला परवाना आहे, जे करायचं ते शाळेच्या नावाखाली करा. वेगळी संस्था नाही, वेगळी माफी नाही, खलास. समोशांवरचा वॅट तसाच राहिला. एवढ्या शुक्रवारांचं चीज हे! मला हसावं की रडावं कळेना, पण साडूभाऊ हरणारे नव्हेत. तीच घटना घेऊन ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांना ती इतकी आवडली की पुढच्या वर्षापासून पालकसंघ या नियमांनी चालेल, असं त्यांनी कळवून टाकलं.

पुढचं वर्ष उजाडलं. लेक बारावी झाली, तिला आणि ताईंना आम्हीच विमानतळावर पोचवलं. नव्या संघाची पहिली सभा शाळेच्या ग्रंथालयात होती. साडूभाऊ सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावून बसले होते. त्यांनी उभं राहून एकेक कलम वाचायला सुरुवात केली. सदस्यत्वाच्या कलमाशी त्यांचा आवाज थांबला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ते कलम शेवटपर्यंत वाचलं. ‘बसा हो भाई, कोण विचारतंय?’ अत्तरवाले म्हणाले. मी तर ओरडलोच, ‘आत्ता बदलू ते कलम!’

‘पहिल्याच सभेत घटनादुरुस्ती?’ ते म्हणाले. ‘आणि तीही एका माणसासाठी?’ कागद अत्तरवाल्यांच्या हाती देऊन ते बाहेर पडले.

मी मागोमाग धावलो. ते गाडीत बसले होते, एसी चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काच खाली करून म्हणाले, ‘सभा होऊ द्या. मी थांबतो, तुम्हाला घरी सोडायचंय ना.’

‘अहो, मी माझी गाडी आणलीय,’ मी चिडून म्हणालो.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले.

मला त्यांचा इतका राग आला, की मी दार उघडून त्यांच्या शेजारी बसून राहिलो.