येत नाही त्याची परीक्षा

माझी रंभामावशी भिलाईच्या स्मृतिनगरातल्या एका खासगी शाळेत आया आहे. तिला ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो, म्हणून हे लिहायला बसले. भंडाऱ्याहून लग्न होऊन भिलाईला आली तेव्हा ती आठवी पास होती. नवरा स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला, आणि हिची एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसण्यात गेली. पण बिचारी? एकदा तिच्याशी वाद घालून बघा.

गेल्या वर्षी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधले मदतनीस निवृत्त होणार असं कळलं. त्या जागेसाठी दहावी हवी, आणि दहावीत माहिती तंत्रज्ञान हा विषय हवा. मावशीने ओपन स्कूलचा फॉर्म आणला आणि नेमकी त्याच विषयापुढे खूण केली. घरात हलकल्लोळ झाला. कवडू मावसाजी म्हणाले, “या उमरमधे कॉम्प्युटर? लोक हासतीन ना!” मीही शहाणपणा पाजळला. बीसीए झालेली ना मी! म्हटलं, “मावशी, आधी गृहविज्ञान घेऊन दहावी तर हो. डोळे मिटून पास होशील.”

“सैपाक मले येतेच, मोना,” ती म्हणाली. “येते त्याची परीक्षा कावून देऊ? जे येत नाही त्याचीच देईन.”

मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारपासून ती हुडको कॉलनीत आमच्या घरी माझ्या लॅपटॉपवर शिकायला यायला लागली.

खरं तर शाळेची लॅब होती, पण तिथे तिला मनाई. बारा कॉम्प्युटर ती रोज पुसते. प्राचार्य मॅडमचा हुकूम मात्र स्पष्ट आहे: पुसायचं, चालू करायचं नाही. मॅडम मूळच्या नागपूरच्या. सगळ्यांशी हिंदी-इंग्रजीत बोलतात. मावशीशी तेवढं मराठीत, तेही काम सांगताना.

पहिल्या दिवशी मी तिच्यासाठी लॅपटॉपला माउस जोडला, तर तिने तो टीव्हीच्या रिमोटसारखा हवेत उचलून धरला. मी हसले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट माउस टेबलावर ठेवून दाखवला. मग तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. एकही अक्षर तिला शोधावं लागत नव्हतं!

“दर दिवाळीले बाराही कीबोर्डाचे बटन काढून साबनाच्या पान्यानं धुतो मी,” ती म्हणाली. “वाळवून वापस जागेवर कोन लावते? मॅडम लावते का?”

इंग्रजी अक्षरं दाबून पडद्यावर हिंदी उमटवायला ती महिन्याभरात शिकली. कॉम्प्युटरच्या तक्त्यातलं बेरजेचं सूत्र मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. वहीत ती तीच बेरीज चुटकीसरशी करायची आणि वर सूत्राला शिव्या द्यायची. एका रविवारी मी न राहवून विचारलं, “नापास झालीस तर?”

“त पुन्हा बसीन.”

पण जागा तिच्यासाठी थांबणार नव्हती. ते तिलाही माहीत होतं, आणि तरी तिने तो विषय सोडला नाही.

प्रात्यक्षिकाचं केंद्र नेमकं तिचीच शाळा आली. मी सोबत गेले, लॅबच्या दाराशी उभी राहिले. परीक्षक बाहेरगावचे होते, भले वाटले. मॅडम त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. त्यांनी मावशीची फाइल चाळली आणि म्हणाले, “फाइल अच्छी है आपकी. पास के नंबर दे दूँगा. मशीन रहने दीजिए.”

ते दयेपोटीच बोलले. त्या दयेनेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“नंबर नहीं माँग रही, साहब,” मावशी म्हणाली. “मशीन माँग रही हूँ.”

परीक्षकांनी खुर्ची दाखवली. तिने बटण दाबलं. “रंभा, जपून!” मॅडम ओरडल्या. हिने मागे वळूनही पाहिलं नाही. पहिलं काम गुणांच्या तक्त्याचं. बेरीज एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. मी दाराची चौकट घट्ट धरली होती. तिसऱ्यांदा बरोबर आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्या नाही.

दुसरं काम म्हणजे एक औपचारिक अर्ज टाइप करून छापायचा. बाकीच्यांनी तापाच्या सुट्टीचे अर्ज लिहिले. मावशीचा अर्ज परीक्षकांनी दोनदा वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि गुण मांडले. तिने परीक्षकांना विचारून दुसरी प्रत काढली. मॅडम एव्हाना आपल्या खोलीत परतल्या होत्या; ती सरळ तिथे गेली. मी मागोमाग. कागद टेबलावर ठेवला. लॅबमधल्या मदतनीसाच्या जागेसाठी अर्ज होता, अनुभव एकोणीस वर्षं, शिक्षण दहावी, माहिती तंत्रज्ञानासह. खाली तिची सही.

मॅडमनी वाचला. “रंभा, तुझा निकाल अजून लागायचाय. आणि यावर तारीख कुठे आहे?”

“जागा सोडली हाये तारखेची,” मावशी म्हणाली. “निकालाच्या दिवशी येतो अन् तुमच्यासमोर टाकतो. तवरी हा कागद तुमी सांभाळा.”